हिरव्या लुगड्यातली पाठमोरी बाई

ज्या माणसाचं घर दुसऱ्यांचं खोटं पकडण्यावर चालतं, त्याने असल्या गोष्टी सांगू नयेत हे मला कळतं. तरी सांगतो. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. देवाला हात जोडतो तेही बायको बघत असली तर. माणसांची नावं बदलली आहेत, सिनेमाचं नाव देणार नाही. बाकी जसं घडलं तसं.

आधी माझं काम सांगतो. जुन्या सिनेमातले कपडे, दागिने, तलवारी हल्ली लिलावात विकायला येतात. 'अमक्या हिरोचा कोट' म्हणून कुणीतरी आजोबांचा लग्नातला कोटही आणून ठेवतो! ती वस्तू पडद्यावर खरंच दिसली आहे का, हे मी तपासतो. सिनेमाची चांगली प्रत कॉम्प्युटरवर लावायची, एकेक फ्रेम पुढे सरकवायची आणि समोरच्या कापडाशी ताडून बघायची. हातमागाच्या कापडात विणकराची एखादी तरी चूक असते, आणि अगदी तीच चूक तिथेच दुसऱ्या कापडात सापडत नाही. लोक नक्षी बघतात, मी चुका शोधतो. बायकोच्या मते मी घरातही तेच करतो.

ठाकूरद्वारच्या आमच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर हे सगळं चालतं. गेल्या वर्षी लिलाव कंपनीकडून तिथे एक नऊवारी लुगडं आलं. हिरवं, चौकड्याचं, रुंद काठाचं. एका जुन्या ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमात नायिकेने नेसलेलं, असा दावा होता. आणि लुगड्यापाठोपाठ ते देणारी बाईच माझा पत्ता शोधत आली. प्रभाताई, लालबागच्या, सत्तरीच्या आसपास. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या,

"भाऊ, मी कंपनीत खोटं सांगितलं. हिरोईनचं नाही ते. माझ्या आईचं आहे."

मी चष्मा काढून ठेवला. म्हटलं, चला, निदान स्वतःहून कबूल करणारं कुणीतरी भेटलं.

"आई परळच्या स्टुडिओत डुप्लिकेटचं काम करायची," त्या म्हणाल्या. "मी मांडीवर होते तेव्हाच गेली. बाबांना ते सिनेमाचं काम पटायचंच नाही, नंतर तिचं नावपण काढू द्यायचे नाहीत. हे लुगडं आत्याने ट्रंकेत लपवलं म्हणून राहिलं. फोटो एक नाही ओ तिचा. मी आईला बघितलेलंच नाही."

"मग हे विकताय कशाला?"

"विकते कुठे! विकायचं म्हटल्याशिवाय तुमचे लोक तपासतात काय? हे लुगडं त्या पिक्चरमध्ये कुठे आहे तेवढं शोधून द्या. म्हणजे त्यातली बाई ती माझी आई. पाठमोरी तर पाठमोरी."

पाठमोरीच असणार होती. डुप्लिकेटने तोंड दाखवायचं नसतं, तो त्या कामाचा पहिला नियम. एकाच वाणाची दोन लुगडी घ्यायची, एक नायिकेला, एक डुप्लिकेटला; अवघड जागी डुप्लिकेटला पाठवायचं आणि कॅमेरा मागे ठेवायचा. चुकून मान वळली तर तो शॉट फुकट.

लुगड्यातली चूक मला लवकर मिळाली. कासोट्याजवळ काठावरची एक कोयरी अर्धीच विणलेली होती. नायिकेच्या कुठल्याच शॉटमध्ये ती नव्हती. मग एक घाटाचा प्रसंग आला. नायिका घागर घेऊन शेवाळलेल्या पायऱ्या उतरते, कॅमेरा मागे. आणि तिथे ती अर्धी कोयरी, स्वच्छ! या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण खुर्चीतून उठून टाळी वाजवली ती त्याच दिवशी.

टळटळीत दुपार होती. खाली रस्त्यावर हॉर्न चालू होते, बायको शेजारी मटार सोलत होती. रिपोर्टला लावायला एक चांगली फ्रेम हवी म्हणून मी एकेक पुढे सरकवत होतो. पाठ. पाठ. पाठ... आणि पुढच्या फ्रेममध्ये बाईने मान वळवलेली.

तरुण होती. रुंद कपाळ, गालांवर देवीचे व्रण. ती माझ्याकडे बघत नव्हती — माझ्या मागे कुणी आहे का, हे शोधत असल्यासारखी बघत होती. मला वाटलं, वाया गेलेल्या शॉटचा तुकडा एडिटरच्या हातून राहून गेला. फ्रेम सेव्ह केली, फाइलला नाव दिलं 'चेहरा', आणि कधी नव्हे ते उचलली जीभ लावली टाळ्याला. प्रभाताईंना फोन केला.

"ताई, पाठमोरी नाही. तुमची आई दिसते. चेहरा दिसतो!"

पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यावर गजरा माळून. सासरहून पहिल्यांदा माहेरी निघालेल्या मुलीसारख्या दिसत होत्या. मी प्रसंग लावला. पायऱ्या, घागर, पाठ. पाठच. शेवटपर्यंत पाठ. पुन्हा लावला, एकेक फ्रेम सरकवली, मागे-पुढे केली. बाईने मान वळवलीच नाही. शेवटी मी ती सेव्ह केलेली फाइल उघडली. नाव 'चेहरा'. आत अंबाडा, पाठ आणि अर्धी कोयरी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोकडे बघितलं, पण आदल्या दिवशी तिचं लक्ष मटारात होतं, तिने काहीच बघितलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईची मी अशी थट्टा केली होती, आणि तीही तिच्या आईवरून.

"कशी होती?" प्रभाताईंनी विचारलं.

सांगावं की नाही कळेना. "रुंद कपाळ," मी म्हणालो, "आणि... गालांवर देवीचे व्रण."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आत्या म्हणायची. अंगाने हुबेहूब हिरोईनसारखी, पण तोंडावर देवी. म्हणून डुप्लिकेट. हे मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं, भाऊ."

खरंच नव्हतं सांगितलं.

"मग मी आले तर का वळेना? मी लेक आहे ना तिची?"

मग त्याच उठल्या, खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"आता लावा. तुम्ही बघा."

"ताई, असं काही नसतं."

"लावा ओ."

लावलं. पायऱ्या, घागर, पाठ... आणि मधल्याच एका पायरीवर ती थांबली. मान वळली. तेच कपाळ, तेच व्रण.

"भाऊ?"

"हो," मी म्हणालो. "बघतेय."

"तुमच्याकडे?"

"नाही. तुमच्याकडे."

मी हात कीबोर्डवरून काढून घेतला होता. तरी चित्र थांबलेलं होतं. ते किती वेळ तसं राहिलं सांगता येणार नाही. प्रतीत दोष म्हणावा, तर तीच प्रत नंतर दोन जाणकारांनी तपासली, त्यांना काही सापडलं नाही. मला भास झाला म्हणावा, तर देवीचे व्रण मला कुठून कळले?

प्रभाताईंनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली. "आये, मी गो... प्रभा," एवढंच पुटपुटल्या. आयुष्यभर जिला बघायचं होतं ती दोन हातांवर होती, आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मला राहवेना. म्हणालो, "ताई, एकदा वळून तर बघा."

त्यांनी मान हलवली.

"मी वळले तर ती जाईल. बघून घेऊ दे तिला. तिने तरी मला मोठं झालेलं कुठे बघितलंय?"