कावळ्याचं पान

माझ्या बायकोच्या, सुमनच्या वर्षश्राद्धाचं पान मी गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. पण पानाशेजारीच तिची लाडकी मांजर चिंगी शेपटी खाली सोडून फिस्कारत बसली होती, आणि शेजारच्या वहिनींचा कुत्रा मोत्या त्या शेपटीसाठी भुंकत उड्या मारत होता. अशा गोंगाटात कावळा कसला येतो!

"वहिनी, मोत्याला आवरा हो!"

"आधी तुमच्या महाराणीची शेपटी आवरा, भावोजी. खोड तिचीच आहे."

शेवटी मी वैतागून ओरडलो, "गप्प बसा, नाहीतर दोघांनाही दूधपोळी मिळणार नाही!"

दोघंही चटकन गप्प झाली. वहिनीसुद्धा. हे वाक्य सुमनचं होतं. रोज सकाळी याच गच्चीवर ती ते म्हणायची. गेलेलं माणूस कुठे असतं, हे मी वर्षभर पुस्तकांतून शोधत होतो. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी मांजरं पाळली नसावीत.

मी दूधपोळी कुस्करून आणली, तोवर कठड्यावरचं पान रिकामं झालं होतं.

"शिवला का कावळा?" वहिनींनी विचारलं.

चिंगी मिशा चाटत होती.

"शिवला," मी म्हणालो.