अनुसयामावशीची सही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, वाचनालयाच्या अध्यक्षांना तर नाहीच नाही. सांगायची वेळ आली की मी भलतंच काहीतरी बोलत सुटते — बोलणं मला छान जमतं. पण गेल्या आठवड्यात एका पोरीनं मला सरळ एक प्रश्न विचारला आणि मी तिला धडधडीत खोटं उत्तर दिलं. न अडखळता. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

थांबा, नीट सांगते. घाई केली की मी कापाकापी करते, आणि ही गोष्ट कापाकापीचीच आहे.

आमचं मराठी वाचनालय सुरतेत, लिंबायतमध्ये. खाली दवाखाना, वर आमची एक खोली. येणारे सगळे आपलेच — धुळे, अमळनेर, शिरपूरकडून लूमवर कामाला आलेल्यांच्या घरचे. मी तिथं पुस्तकं देते, घेते, धूळ झटकते, आणि लॉकडाऊननंतर आणखी एक काम गळ्यात पडलं ते म्हणजे व्हिडिओ. वाचनालयाचं चॅनेल काढायचं, पुस्तकांची ओळख करून द्यायची, लोकांना पाठवायचं. मोबाईल उभा करायला स्टँड नव्हता, म्हणून शब्दकोशाच्या जाड खंडांची चळत लावायची आणि त्याला फोन टेकवायचा. कोण बघायचं? माझी बहीण, अध्यक्षांच्या सूनबाई, आणि मी स्वतः दोन-तीनदा.

अनुसयामावशी तेव्हा आमची सगळ्यात नियमित वाचक. साठीची, काटक, जिभेला हाड नाही. साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणायची — पर्वत पाटियाच्या मार्केटातून गठ्ठा यायचा, दिवसभर डिंकासारख्या त्या सोल्युशनमध्ये बोटं. त्यानं तिच्या बोटांच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. खरंच सांगते. रेशनच्या दुकानात मशिन तिचा अंगठा घेईना. दुकानदार म्हणाला, मग मोबाईलवर नंबर आलाय तो वाच. तिला वाचता येईना. मागे रांग उभी, लोक कुजबुजायला लागले, आणि दुकानदार हसला. त्याच दुपारी ती आमचा जिना चढून आली आणि म्हणाली, इथं अक्षरं मिळतात ना, मला दे.

शिकवलं कुणी? इथं तुम्हाला वाटेल, मीच. नाही हो. मी माझं काम करत होते. ती कपाटामागे मुलांची अंकलिपी घेऊन बसायची, अडलं की बोट ठेवून मला विचारायची, मी मान वर न करता सांगायची — 'ढ' आहे, मावशी. दोन वर्षं ती तशी बसली. आधी आकडे शिकली, मग दुकानांच्या पाट्या, मग बालभारती, आणि मग थेट सापांवरचं पुस्तक. कथा-कादंबऱ्या तिला नको असायच्या. रडायला घरी खूप आहे, म्हणायची. तिला साप हवे असत. विषारी कुठले, बिनविषारी कुठले — गल्लीतल्या बायकांना ती वाचून दाखवायची, त्यांच्या पोरांच्या शाळेच्या सूचनासुद्धा वाचून द्यायची. आणि पुस्तक नेताना, परत देताना कार्डावर सही करायची. तिची सही म्हणजे पूर्ण नाव, सावकाश, जीभ दातात धरून.

आता येते मुद्द्यावर. येते, येते.

डॉक्टरांना खोली हवी झाली. त्यांचं चुकलं नाही, त्यांना तपासायला जागा कमी पडत होती. आमची पुस्तकं खोक्यांत जाणार हे जवळजवळ ठरलं. तेवढ्यात अध्यक्षांनी पलसाण्याला डाइंग युनिट, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना असलेल्या एका गुजराती शेठजींना गाठलं. चांगला माणूस. मोठी जागा देतो म्हणाले, पण मागणारी आणखी दोन मंडळं होती. त्यांनी सांगितलं, तुमचं काम काय ते व्हिडिओत दाखवा. अध्यक्ष मला म्हणाले, माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, एवढं बघ.

मी मावशीला बसवलं. शब्दकोशांची चळत लावली, फोन टेकवला आणि म्हटलं, बोल. ती अकरा मिनिटं बोलली. अहिराणीत, तिच्या पद्धतीनं — जुनी गोष्ट सांगतानाही ती आत्ता घडतेय अशीच सांगायची. म्हणाली, "तवय माले एक अक्षर वाचता येत नही." तवय, म्हणजे तेव्हा. मग सांगितलं, कशी ती नुसतीच येऊन बसायची, पुस्तकांवरून हात फिरवायची, पेपर उलटा धरायची आणि लोक हसायचे. हे झालं चार मिनिटांत. पुढची सात मिनिटं ती शिकली कशी, ते. आणि शेवटी मण्यारीबद्दलचं अख्खं पान तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. एकदाच अडखळली. वाचून झाल्यावर कॅमेऱ्याकडे बघून अशी ऐटीत हसली, की मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला. हो, वाटला. ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कापायला बसले. सापांचं पान लांबत होतं. ते उडवलं. मग शिकण्याची गोष्ट — रटाळ वाटली, उडवली. उरली पहिली चार मिनिटं. आणि मग मला दिसलं. समजतंय ना तुम्हाला? म्हातारी बाई, खडबडीत हात, पुस्तकावरून फिरणारे — आणि तिला वाचता येत नाही. फक्त एक शब्द आड येत होता. तवय. तो एवढासा शब्द मी कापला. मागे बासरी टाकली. वर लिहिलं — 'अक्षर न येणारी पुस्तकवेडी'. आणि माझं मलाच रडू आलं.

वाचनालय वाचवण्यासाठी केलं, असं म्हणू का? म्हणता येईल. पण खोटं होईल ते. मला तो व्हिडिओ तसाच जास्त आवडला होता. ती वाचते आहे, त्यापेक्षा तिला वाचता येत नाही, हेच मला जास्त सुंदर वाटलं. यापेक्षा वाईट काही माझ्या हातून झालेलं मला आठवत नाही, आणि हे करताना मला काहीही वाटलं नाही.

व्हिडिओ पसरला. इतर वाचनालयांच्या ग्रुपवर फिरला, नागपूरहून कुणी हात जोडलेली चित्रं पाठवली, शेठजींनी घरच्यांना बसवून दाखवला. जागा आम्हाला मिळाली. मावशीकडे साधा फोन, तिनं काहीच पाहिलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की तिच्या बोलण्यामुळे जागा मिळाली. मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं होतं, मावशी, उद्घाटनाला नव्या वहीत पहिली सही तुझी. ती लाजली. रोज कागदावर नाव गिरवते म्हणाली.

उद्घाटनाच्या सकाळी ती हिरवी साडी नेसून आली. खडे लावलेली नव्हे, साधी. सोबत गल्लीतल्या चार-पाच बायका. हातरुमालात गुंडाळून स्वतःचं पेन आणलं होतं. पहिल्या रांगेत बसली आणि पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला.

मी बाजूला उभी राहून मोबाईलवर सगळं शूट करत होते. मला तिचं तोंड दिसत होतं. आधी ती हसली, स्वतःला बघून. मग पुढे सरकून बसली, वाचून दाखवायचं पान येईल म्हणून वाट बघत. बासरी वाजली, व्हिडिओ संपला, टाळ्या. ती अजून पडद्याकडेच बघत होती. मागच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना माहीत होतं ना. त्यांच्या पोरांच्या सूचना तीच वाचून द्यायची.

शेठजी माईकवर उठले, गहिवरलेले. म्हणाले, आ बा नो अंगठो, एज आपणी पहेली सही — या आजींचा अंगठा, हीच आपली पहिली सही. आणि कुणीतरी निळं शाईचं पॅड पुढे केलं.

मावशीनं रुमाल सोडला होता. पेन हातात होतं. तिनं पॅडकडे बघितलं, मग शेठजींकडे, मग माझ्याकडे. किती वेळ? मी नंतर त्या क्लिपवर मोजलं — सहा सेकंद. सहा सेकंदांत काय बोलायचं होतं मला? शेठजी, मावशीला सही येते. संपलं. एवढंच तर होतं. शेठजी काय रागावले असते? उलट खूशच झाले असते, आज मला कळतं. पण माझं खोटं उघडं पडलं असतं, त्या भरल्या हॉलमध्ये, अध्यक्षांसमोर. मी काय केलं माहीत आहे? फोन थोडा वर धरला. तिचे डोळे दिसू नयेत म्हणून. आणि अंगठ्यावर झूम केलं.

तिनं पेन परत रुमालात ठेवलं. गाठ मारली. अंगठा शाईत बुडवला आणि टेकवला. वहीवर एक निळा गोळा उमटला. एकही रेषा नव्हती त्यात.

मला वाटलं होतं ती जिन्यात मला धरेल. शिव्या देईल. तिला छान येतात शिव्या. मी खरं तर वाट बघत होते. ती जवळ आली, माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तुनी इज्जत ऱ्हायनी ना, माय?" तुझी अब्रू राहिली ना, म्हणून. टोमणा नव्हता. खरोखर विचारत होती. मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानंतर जे झालं, ते मी लांबून ऐकत राहिले. गल्लीत बायका म्हणाल्या, अनुसया नाटकी निघाली. कॅमेऱ्यापुढे अडाणी झाली, मोठ्या लोकांपुढे अंगठा दिला, उगाच का? काहीतरी मिळालं असेल. रेशनवाल्यानं व्हिडिओ लावून तिला ऐकवला. ती कुणाला म्हणाली नाही, की नंदानं, म्हणजे मी, कापलं म्हणून. एकालाही नाही. खोटं मी बोलले आणि खोटारडी ती ठरली, आणि मी नव्या जागेत कपाटं लावत होते.

महिन्याभरानं ती सापांचं पुस्तक परत करायला आली. बसली नाही. मी तिचं कार्ड काढलं, पेन पुढे केलं. कार्डावर वरून खालपर्यंत तिच्या सह्या — पहिली वाकडीतिकडी, ओळीबाहेर गेलेली, आणि खाली येता येता सरळ होत गेलेली. तिनं पेन घेतलं नाही. माझ्या शिक्क्याचं पॅड स्वतःकडे ओढलं.

मी म्हटलं, मावशी, सही कर ना.

"कसाले?" ती म्हणाली. "आते सही करसू ते लोकेस्ले खोटी वाटी."

आता सही केली तर ती लोकांना खोटी वाटेल. रागानं नाही म्हणाली. रेशनच्या रांगेत नंबर सांगावा तसं म्हणाली. अंगठा लावला, पदराला पुसला आणि गेली. पुन्हा आली नाही. राहते अजून तिथंच, दोन गल्ल्या सोडून. ती समोरून येताना दिसली की मी रिक्षा थांबवते, कुठं जायचं नसलं तरी.

आणि आता गेला आठवडा. त्या व्हिडिओच्या जिवावर मी आज इतर वाचनालयांच्या लोकांना ऑनलाइन शिकवते, व्हिडिओ कसे करावेत, कसे पाठवावेत. नमुना म्हणून तोच दाखवते. त्यांना सांगते, माणूस आहे तसा दाखवा. हो, असं सांगते मी! तर एका पोरीनं, नवीनच लागलेली असेल कुठंतरी, हात वर केला आणि विचारलं, मॅडम, त्या मावशी पुढे वाचायला शिकल्या का?

मी म्हटलं, हो, आम्हीच शिकवलं नंतर.

सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. मूळ अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंगही आहे, मी ते पुसलं नाही आणि कुणाला पाठवलंही नाही. चार मिनिटांचा व्हिडिओ चॅनेलवर आहे, आजही लोक बघतात. अनुसयामावशीला वाचता येतं. तो व्हिडिओ केला तेव्हाही येत होतं. मला माहीत होतं.