तांब्याला हिरवा कडुलिंब

तिसरा नमुनाही खचला. छोट्या साच्यात ओतलेलं तांबं थंड होताना मधोमध खाली बसलं, म्हणजे आत ऑक्सिजन शिल्लक होता. भट्टीत चार टन माल वितळलेला, आणि ऑफिसात लातूरच्या पार्टीचे इन्स्पेक्टर. त्यांची ही पहिलीच ऑर्डर.

नांदेडच्या आमच्या कारखान्यात मी मेटलर्जिस्ट. कच्च्या तांब्यातलं लोखंड, शिसं, गंधक काढायला आम्ही वितळलेल्या तांब्यात हवा सोडतो. बरीचशी घाण जळून वर तरंगते, ती झाऱ्यानं काढायची. पण हवेतला ऑक्सिजन तांब्यातही शिरतो आणि तांबं ठिसूळ करतो. मग त्यात लाकडाचे ओंडके बुडवायचे. लाकडातून निघणारा गॅस ऑक्सिजन घेऊन जातो. याला पोलिंग म्हणतात.

"चाँदभाई, अजून दोन ओंडके."

चाँदभाई तीस वर्षं भट्टीवर. ते म्हणाले, "दोन काय, वीस टाका म्याडम. लाकूड लई वाळलंय. फायदा न्हाई."

"मुद्दाम वाळलेलं मागवलंय. पाणी गेलं तर स्फोट होईल."

"वरून भिजलेलं न्हाई चालत. आतून हिरवं पायजे. त्याचाच गॅस जोरात निघतो. मागच्या महिन्यात बोललो होतो. तुमी नुस्तं हाव म्हणलं."

'हो' म्हटलं होतं खरं.

इतक्यात मालक आले, उदगीरचे अप्पा. "मॅडम, साहेब दुसरा चहा पिऊन राहिले. काय सांगू?"

"तिसरा सांगा. आणि गेटजवळच्या कडुलिंबाच्या जाड फांद्या हव्यात."

तो कडुलिंब अप्पांनी स्वतः लावलेला. त्यांनी गेटकडे पाहिलं. मग म्हणाले, "खोडाला हात लावू नका," आणि फांद्या खाली ओढायचा दोर धरायला स्वतःच धावले.

चाँदभाईंनी फांद्या भट्टीच्या दाराशी शेकून वरून कोरड्या केल्या आणि पहिली आत दाबली. तांबं खळखळून उसळलं, हिरव्या ज्वाळा उठल्या. सगळे ओरडलेच! चौथा नमुना जरासा खचला. पाचवा पाटासारखा सपाट.

"अजून एक फांदी?" मी विचारलं.

"बस! जास्ती झालं की तांबं फुगतं."

इन्स्पेक्टरसाहेबांनी त्याच तांब्याची पट्टी हातोड्यानं दुहेरी वाकवली. वाकलेल्या जागी बारीक चीरसुद्धा नाही. त्यांनी सही केली. अप्पांनी सगळ्यांना गरम भजी मागवली आणि पहिली प्लेट चाँदभाईंच्या हातात दिली. मी त्यांच्याच प्लेटमधलं भजं उचललं, तर म्हणाले, "घ्या म्याडम, हिरवी मिरची हाय."

आता नवा इंजिनिअर आला की मी त्याला पहिले पंधरा दिवस भट्टीवर बसवते. लॅबची चावी त्यानंतर.