दौलतरावांनी सगळ्यांच्याच कथा घेतल्या

दौलतराव नाखले बोरगाव मेघेला राहतात आणि तिथूनच विश्वाचा कारभार पाहतात. म्हणजे 'तेजोमेघ' नावाचा विज्ञानकथांचा दिवाळी अंक काढतात. गावाच्या नावात मेघे, म्हणून अंकाच्या नावात मेघ, एवढीच त्यामागची कल्पनाशक्ती. बाकीची सगळी त्यांनी आम्हा लेखकांवर सोडली आहे, आणि तिथंच सगळा घोळ आहे.

सावंगीला एका दवाखान्यात त्यांनी नोकरीभर लोकांचे एक्स-रे काढले. माणसाच्या आत एवढं पाहून झाल्यावर त्याला बाहेर, लांब कुठंतरी पाहावंसं वाटत असेल. म्हणून हा अंक. मुखपृष्ठावर शनीची कडी, मागच्या पानावर कीटकनाशकाची बाटली. मधल्या पानांत पृथ्वी नष्ट होते आणि तिच्याच खाली चौकटीत लग्नाच्या बस्त्याची जाहिरात असते. पृथ्वी गेली तरी वर्धा जिल्ह्यातली लग्नं थांबत नाहीत, यावर दौलतरावांचा विश्वास आहे.

लेखक म्हणजे आम्ही. सिंदी रेल्वेचा किशोर उमाटे कापसाच्या अडतीत बसतो आणि पृथ्वीवरच्या स्वाऱ्या लिहितो. त्याचे परग्रहवासी कायम सिंदीलाच उतरतात. का, तर तिथं गाडी थांबते. भावनाबाई पोहाणे तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवतात आणि फक्त कालप्रवास लिहितात. सेलूचा जंगू उईके मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्या परग्रहावर सगळे गोंडी बोलतात. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "लिहनारा मी अन् माह्या ग्रहावर भाषा दुसऱ्याची काऊन?" चौथा मी. मी विनोदी विज्ञानकथा लिहितो, असं माझं म्हणणं आहे.

आता या अंकाची निवड कशी व्हायची ते ऐका. तज्ज्ञांची समिती नाही, गुणांकन नाही, काही नाही. पोळा झाला की संध्याकाळी दौलतराव ओसरीवर खुर्ची टाकून कथा मोठ्यानं वाचत. समोर त्यांच्या पत्नी, रंभावहिनी, परात घेऊन बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा मोडत बसत. वाचता वाचता वहिनींचे हात थांबले, की कथा पास. हात चालूच राहिले, की कथा परत. परत करताना वहिनी जे काही बोलत ते दौलतराव जसंच्या तसं आम्हाला कळवत. पूर्वी पोस्टकार्डावर, हल्ली व्हॉट्सॲपवर.

किशोरच्या कथेत एकदा अर्धं जग बुडालं. निरोप आला: "जग बुडालं, पन ह्यानं बायकोले फोन नाई केला." भावनाबाईंची नायिका भूतकाळात जाऊन आली. निरोप: "माहेरावरून गेली अन् मायले भेटली नाई. असी कसी बाई?" मला म्हणाल्या, "हसाचं कुठी ते लिहून ठेवत जा." आणि जंगूला दर वर्षी एकच निरोप, न चुकता: "ह्या ग्रहावर कोनी जेवत काऊन नाई?"

जंगूची कथा आजवर एकदाही छापून आलेली नाही. पण वहिनींचा निरोप आला की तो दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवी. ज्याचा फोन बिघडलाय त्यालाही, आणि ज्याचा चांगला आहे त्यालाही.

यंदा होळीच्या आधी वहिनी गेल्या. चार दिवस ताप, मग दवाखाना, मग संपलंच.

दौलतराव रडले नाहीत. खचले नाहीत. काहीच नाही. वर्तमानपत्रात द्यायचा निधनाचा मजकूर त्यांनी स्वतः तपासला आणि 'दुःखद'मधला राहिलेला विसर्ग लाल पेनानं घातला. तेरवीला भेटायला आलेल्या भावनाबाईंना विचारलं, "कथा पोळ्यापर्यंत येईन नं?" जेवणाचा डबा लावला होता. डबा कसा असतो म्हणून विचारलं तर म्हणत, "गरम असते." याच्या पुढं त्यांना डब्याबद्दल काही सांगायचं नव्हतं. खरं तर कशाबद्दलच सांगायचं नव्हतं. फोन उचलत, नीट बोलत, ठेवत. बोलून झाल्यावर आपण बँकेशी बोललो की काय, असं वाटे.

पोळा झाला आणि एके सकाळी माझ्या मोबाइलवर निरोप आला: "कथा स्वीकारली. दौलत." माझा आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी किशोरनं लेखकांच्या ग्रुपवर मोठ्या नम्रतेनं जाहीर केलं, की त्याची कथा घेतली. मग भावनाबाईंनी. मग आर्वीच्या, हिंगणघाटच्या, ज्यांची नावंही कधी ऐकली नव्हती अशा लोकांनी. संध्याकाळी जंगूनं लिहिलं: "माही बी घेतली."

ग्रुपवर शांतता पसरली. एखाद्याच्या घरी काही वाईट झालं की पसरते तशी.

रविवारी आम्ही चौघं बोरगावला गेलो. कथा घेतली म्हणून भांडायला लेखक संपादकाच्या दारात जातात, हे जगात बहुधा पहिल्यांदाच घडलं असावं.

दौलतराव ओसरीवरच होते. समोर कथांचा गठ्ठा, शेजारी पाण्याचा तांब्या.

किशोरनं चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली. "भाऊ, माही कथा घेतली तुमी?"

"हो."

"अन् ह्या जंगूची?"

"त्याचीबी."

"मंग त्याच्या कथेत अन् माह्या कथेत फरक काय?"

दौलतरावांनी खरंच विचार केला. "काईच नाई," ते म्हणाले.

"भाऊ!" जंगू कळवळला. "किशोरभाऊसारखं लिहतो मी? वहिनीनं एवढी बेइज्जती नाई केली कधी माही."

एरवी या वाक्यावर दौलतराव मांडीवर थाप मारून हसले असते. ते म्हणाले, "मी सगळ्या वाचल्या. एकीत सूर्य विझला. एकीत मानसं दगड झाले. एकीत कोन कुठी गेलं ते वापसच नाई आलं. मले काई वाटलं नाई. ना चांगलं, ना खराब. मंग एक ठेवाची अन् एक फेकाची, हे कोन्या हिशोबानं करू? म्हटलं, शेवटचा अंक हाये, सगळ्याइलेच घेऊन टाकू. कोनी नाराज नको."

"शेवटचा?" भावनाबाई म्हणाल्या.

"छापखान्याले सांगून देल्लं. यंदाचा काढतो अन् बंद."

त्यांचा आवाज एवढा सरळ होता, की भांडायलाही कुठं पकड मिळेना. आम्ही पृथ्वी वाचवण्याचे नाना उपाय लिहिलेली माणसं, पण अंक कसा वाचवावा हे एकालाही सुचेना. किशोर पंख्याकडे पाहत बसला. मी तांब्यातलं पाणी प्यालो, तहान नसताना.

भावनाबाईंच्या पिशवीत घरी न्यायला घेतलेली बरबटी होती. त्या उठल्या, आत गेल्या, स्वयंपाकघरातून परात शोधून आणली आणि शेंगा तिच्यात ओतून दौलतरावांपुढं ठेवली. "भाऊ, तुमी मोडा. वाचतो आमी."

"मले नाई येत."

"एक्स-रे येत होते का जन्मतः?" शिक्षकी आवाज तो. दौलतरावांनी शेंग उचलली.

पहिला किशोर. त्याचा आवाज लिलावाला सरावलेला, त्यामुळे यानानं सिंदीला उतरून प्लॅटफॉर्मवर ठाण मांडलं ते शेजाऱ्यांनाही कळलं. दौलतराव शेंगा मोडत होते. आधी लांब-आखूड, मग एकसारख्या. हात थांबले नाहीत. मग भावनाबाई. त्यांची नायिका यंदा आईला भेटली, शेवटी रडलीही. हात चालू. मग मी. माझ्या कथेवर कुणी हसलं नाही, आणि हात थांबायचा तर प्रश्नच नव्हता. उलट जरा भराभर चालले असं किशोर अजून सांगतो.

परात भरत आली. शेवटी जंगू सरसावून बसला.

जंगूनं यंदा वहिनींचा सल्ला मनावर घेतला होता. इतकी वर्षं त्याच्या ग्रहावर कुणी जेवत नव्हतं, तो सगळा अनुशेष त्यानं एका कथेत भरून काढला होता. यान उतरलं, जेवण. राजाची भेट, जेवण. पिठलं, भाकर, आंबाडीची भाजी, वर ठेचा. युद्ध सुरू झालं तर दोन्ही सैन्यं आधी पंगतीला बसली. जंगू गोंडीतून आग्रह करायचा आणि मराठीतून वाढायचा. होळीच्या आधीच त्यानं ती लिहून ठेवली होती, वहिनींना ऐकवायला म्हणून.

तिसरी पंगत उठत होती. दौलतरावांच्या हातातली शेंग अर्धी मोडून तशीच राहिली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. किशोरनं डोळे मिटून घेतले. हात थांबले होते! जंगूची कथा पास होणार होती, आणि तीसुद्धा आमच्यादेखत!

"थांब," दौलतराव म्हणाले.

जंगू थांबला.

"हे सारे जेवूनच राह्यले."

"हो भाऊ."

"रांधून कोन राह्यलं?"

जंगूनं पानं मागं उलटली. पुढं उलटली. "कोनीच नाई," तो म्हणाला. "आयतंच हाये."

"आयतं कसं येईन? एवढ्या भाकरी कोनी थापल्या? चूल कुठी हाये? रांधनारी दिसलीच नाई मले एकडाव." दौलतरावांचा आवाज चढला होता. होळीपासून आम्ही तो चढलेला ऐकला नव्हता. "कंटाळा आला, जंगू. जेवून राह्यले, जेवूनच राह्यले. नाई घेत मी ही कथा."

"नामंजूर?"

"नामंजूर."

जंगूचं तोंड असं फुललं, की त्याला साहित्याचा एखादा मोठा पुरस्कार मिळाला असता तरी एवढं फुललं नसतं. "पाहा भाऊ," तो आमच्याकडे वळून म्हणाला, "मले निरोप भेटला."

"अन् माही?" किशोरनं घाईघाईनं विचारलं.

"तुही तर ऐकाचीबी गरज नोती. भावनाबाई, तुमची ठेवतो. माय भेटली ते बरं केलं." मग माझ्याकडे पाहून त्यांनी नुसतंच डोकं हलवलं. ते कुठल्या बाजूनं होतं हे मी विचारलं नाही.

मग त्या बरबटीचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. प्रकाशाच्या वेगानं प्रवास करणारे आम्ही चौघं त्या स्वयंपाकघरात मोहरी शोधत राहिलो. दौलतराव दारात उभे होते. मोहरीचा डबा त्यांनाही माहीत नव्हता. त्यांचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा, कोरा झाला होता. भाजी मोहरीवाचूनच झाली, आणि तिखटही जास्त पडलं. त्यांनी खाल्ली.

"कसी झाली?" भावनाबाईंनी विचारलं.

"खराब," ते म्हणाले.

निघताना जंगू पायरीवर घुटमळला. "भाऊ, रांधनाऱ्या बाईचं नाव काय ठेवू?"

दौलतरावांनी ओसरीवरचा कथांचा गठ्ठा उचलून काखेत धरला.

"तू ठेव. लिहून पाठवजो. मी वाचून सांगतो."

"म्हंजे पुढच्या वर्षी अंक हाये?" किशोर फाटकाजवळून ओरडला.

"मी तसं म्हटलं का?" दौलतराव म्हणाले, आणि परतवलेल्या कथांचा वेगळा गठ्ठा करायला आत गेले.