आबा गॅलरीत उभे राहिले

आमच्या बाजूचे आमदार माझ्या वर्गात होते तेव्हा शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायचे. वडगावच्या शाळेत मी त्यांना मराठी शिकवलं, पण या मुलानं एकदाही हात वर करून काही विचारल्याचं मला आठवत नाही. पुढं हाच मुलगा मंत्र्यांना प्रश्न विचारायला निवडून गेला तेव्हा मला हसू आलं आणि बरंही वाटलं. आता मी त्यांना अहोजाहो करते, ते मात्र अजून ‘बाई’ म्हणून वाकून नमस्कार करतात. माणूस मनानं चांगला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा दोष नव्हता.

निवृत्त झाल्यावर मी लोणावळ्याला लेकीकडं राहायला आले, पण माझा जीव वाडीत. पवनेच्या अंगाला आमची वाडी, डोंगराच्या पोटाशी. तिथं आबांचं घर आमच्या घराला लागून. आबा माझ्या वडिलांचे दोस्त. वडील गेल्यावर माहेर म्हणजे आबा आणि मावशी, एवढंच उरलं. मावशी म्हणजे आबांची बायको. माझी सख्खी मावशी नव्हे, पण सख्ख्या मावशांनी मला कधी एवढं विचारलं नाही.

मावशीचं पहिलं बाळंतपण वडगावच्या वाटेवर झालं. बैलगाडीत. ते मूल हाताला लागलं नाही. त्यानंतर दोन मुलगे झाले, वाढले, कर्ते झाले, तरी मावशी त्या पहिल्या मुलीचं वय मोजायची. म्हणून सरकारनं जेव्हा वाडीसाठी आरोग्य उपकेंद्र मंजूर केलं आणि जागा कुणी देतं का असं विचारलं, तेव्हा मावशीच म्हणाली, “आपली सडकंची पट्टी देऊन टाका.” आबांनी दिली. फुकट, बक्षीसपत्र करून. सडकेला लागून असलेली, धरणाचं पाणी दिसणारी ती पट्टी. तिथं बंगला बांधायला पुण्याची माणसं खेटे घालत होती. दोन्ही मुलगे बरेच दिवस बापाशी धड बोलले नाहीत.

इमारत झाली. गुलाबी रंग, बाहेर बाक, वर पाटी. उद्घाटनाला मावशीनं फीत कापणाऱ्या पाहुण्यांना ओवाळलं. थोडे दिवस एक नर्सबाई आली, तिनं मावशीचं ब्लडप्रेशर तपासलं, गुडघ्याला मलम दिलं. मग नर्सबाई येईनाशी झाली आणि दाराला कुलूप लागलं. दारात शेळ्या बसायला लागल्या. थोरला मुलगा जाता-येता म्हणायचा, “आबा, तुमच्या दवाखान्यात आज लय गर्दी हाय, सगळ्या चार पायांच्या.” आबा ऐकून घ्यायचे. मावशीचे गुडघे पार गेले होते, तिला सडकेपर्यंत उतरणं होत नव्हतं. ती घरातूनच रोज विचारायची, “उगडलं का ओ?” आबा म्हणायचे, “उगडंल.” त्यांना एकच हवं होतं. मावशीच्या डोळ्यांदेखत ते दार उघडलेलं असावं.

जत्रेला मी वाडीत होते; आमदारही आले तेव्हा आबांनी त्यांना गाठलं. सगळं ऐकून घेऊन आमदार म्हणाले, “आबा, अर्ज-विनंत्या झाल्या. आता मी विधानसभेत प्रश्नच टाकतो. मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागेल.”

आबा म्हणाले, “मग मी पन येतो.”

“तुम्ही कशाला एवढी दगदग करता?”

“गाऱ्हाणं माजं हाय न्हवं? मग मी नगं व्हय तितं?”

आमदारांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मी घेऊन येते त्यांना. अधिवेशन सुरू झालं आणि प्रश्न कोणत्या दिवशी लागतोय ते कळल्यावर आमदारांनी गॅलरीचे दोन पास काढून ठेवले. प्रश्न यादीत वरच्या अंगाला होता, त्यामुळं त्याची पाळी येईल अशी आशा होती. नाहीतर यादीत खाली असलेले प्रश्न तसेच राहून जातात, हे त्यांनीच मला फोनवर समजावलं. शाळेत न बोलणारा मुलगा आता मला समजावत होता.

आदल्या दिवशी आबा लोणावळ्याला माझ्याकडं मुक्कामाला आले. धुवट धोतर, नवीन टोपी, आणि मार्च महिन्याच्या उकाड्यात लग्नातला काळा कोट. कोट राहू द्या म्हटलं तर म्हणाले, “सरकारच्या घरी जायाचं, अंगावर काय तरी नगं?” मी त्यांना सगळं बजावलं. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, पायावर पाय टाकून बसायचं नाही, तंबाखूची चंची दारातच ठेवून घेतील. आबांनी मान डोलावली. मराठीची बाई असल्यामुळं मला सूचना द्यायला फार आवडतं. त्या दिवशी मी त्या पोटभर दिल्या.

दुसऱ्या दिवशी मुंबईला विधानभवनाच्या दारावर चंची गेली, माझा फोन गेला, झडती झाली. आत गार हवा होती आणि मऊ गालिचा. आबा पाऊल दाबून चालत होते. वरच्या गॅलरीत आम्ही बसलो. खाली आमदारांची डोकी, कागद, समोर उंच आसनावर अध्यक्ष. आबांनी आमचे आमदार शोधून काढले आणि मला कोपरानं ढोसून दाखवले. वर्गात पोरं दाखवतात तसं.

आधीच्या प्रश्नांवर बरीच बाचाबाची झाली. एकदा तर दोन्हीकडचे सगळेच एकदम बोलायला लागले. आबा माझ्या कानाशी म्हणाले, “आपल्या ग्रामसभेवानीच हाय की!” मला हसू आवरेना. मला तेव्हाच काहीतरी सुचायला हवं होतं.

कारण आमच्या वाडीच्या ग्रामसभेला एक रीत आहे. मारुतीच्या देवळात सभा भरते, सगळे मांडी घालून बसतात. ज्याचं गाऱ्हाणं निघतं त्यानं चपला काढलेल्या जागेपासून पुढं येऊन उभं राहायचं आणि उत्तर मिळेपर्यंत उभंच राहायचं. मधेच खाली बसला तर त्यानं गाऱ्हाणं मागं घेतलं असं धरतात. मग ते पुन्हा निघत नाही. एकदा माझे वडील पाण्याच्या वाटणीसाठी सबंध दुपार उभे होते. मी लहान होते, त्यांना पाणी नेऊन दिलं होतं.

अध्यक्षांनी प्रश्नाचा क्रमांक पुकारला. आमचे आमदार उठले आणि त्यांनी आमच्या वाडीचं नाव घेतलं. त्या एवढ्या मोठ्या दालनात, माइकवर, आमच्या वाडीचं नाव. माझ्या अंगावर काटा आला. आणि शेजारी आबा उभे राहिले.

चपला त्यांनी पायातून काढून बाकाखाली सरकवल्या होत्या. हात जोडलेले, मान ताठ. मी कोट ओढला. “आबा, बसा.” त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी परकी. मागच्या रांगेतून आवाज आला, “ओ काका, खाली बसा.” गणवेशातला माणूस हातानं ‘बसा बसा’ करत आला. आबा हलक्या आवाजात, पण ठाम म्हणाले, “न्हाई बसायचो. माजंच हाय ते.”

त्या माणसाला यातलं काय कळणार? त्यानं दुसऱ्याला खूण केली. दोघांनी आबांच्या दंडाला धरलं. धसमुसळेपणा केला नाही, खोटं कशाला सांगू. पण चाललेत हे कळल्यावर आबा एकदम मोठ्यानं म्हणाले, “आवं, मी हितंच हाय! माज्याच जागंवर हाय त्यो दवाखाना!” खालची डोकी वर वळली. कुणी तरी हसलं. आमचे आमदार बोलता बोलता थांबले, त्यांच्या हातातला कागद तसाच राहिला. अध्यक्षांनी गॅलरीला समज दिली. दार लागलं. आबांच्या चपला माझ्या पायाशी राहिल्या.

मी त्यांच्यामागं जाणारच होते, पण तेवढ्यात मंत्री उत्तराला उठले आणि मी थांबले. कुणी तरी ऐकायला हवं होतं. मंत्र्यांनी वाचून दाखवलं, की उपकेंद्र बंद असल्याचं म्हणणं खरं नाही. सदर उपकेंद्र सुरू आहे, परिचारिकेचं पद भरलेलं आहे. आमदार म्हणाले, “अध्यक्ष महोदय, पद भरलंय, पण त्या बाईंना दुसऱ्याच ठिकाणी कामाला लावलंय. दाराला कुलूप आहे, मी स्वतः बघून आलोय.” मंत्री शांतपणे म्हणाले, “माझ्याकडच्या माहितीनुसार ते सुरू आहे. तरी सन्माननीय सदस्य म्हणतात तर तपासून घेऊ.” आमदार पुन्हा उठले, तोवर अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला. संपलं. चहा प्यायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

चपला हातात घेऊन मी बाहेर आले. दाराजवळच्या बाकावर आबा अनवाणी बसले होते. शेजारी एक पोलीसबाई होती, तिनं त्यांना पाणी दिलं होतं. “आजोबांना काही करणार नाही हो, फक्त बसवलंय,” ती म्हणाली. मी चपला खाली ठेवल्या. आबांनी विचारलं, “काय म्हनला?”

मी खरं ते सांगितलं. उपकेंद्र सुरू आहे म्हणाले.

आबांनी एकेक पाय चपलेत सरकवला. मग म्हणाले, “मी उबा व्हतो की. मला इचारायचं. मी सांगितलं असतं, कुलूप हाय म्हनून.”

त्या इमारतीत त्या क्षणी ते कुलूप रोज डोळ्यांनी बघणारा एकच माणूस होता, आणि त्याला बाहेर काढलं होतं. तेही तो रीतीनं वागला म्हणून. उभं राहायचं नाही हे त्यांना सांगायला हवं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आमदार धावत आले, त्यांनी आबांचे पाय धरले, तपासणी लावून घेतो म्हणाले. आबा त्यांनाच समजावत होते, “तुजी काय चूक न्हाई बाबा. तू इचारलंस.”

मी आबांना घरी पोचवायला वाडीपर्यंत गेले. ओट्यावर सगळे जमले होते. धाकट्यानं टीव्हीवर काही दाखवतात का म्हणून दिवसभर बातम्या लावल्या होत्या. मावशी आतून भिंतीला धरत धरत आली. “काय म्हनला मंत्री?”

आबांना खोटं बोलता येत नव्हतं. ते म्हणाले, “चालू हाय म्हनला आपलं उपकेंद्र.”

थोरला हसला. वाईट हसला. “म्या आत्ताच सडकंवरनं आलो. कुलूप हाय.”

“तू गप रं,” मावशी म्हणाली. “आत्ता म्हनला ना मंत्री? मग आता उगडत्याल. एवड्या मोट्या मान्साचा शब्द हाय, पडू देत्यात व्हय?” आणि तिनं आबांकडं बघितलं. आबा काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते. ते टोपी काढून घाम पुसत राहिले.

सकाळी मावशी लुगडं नेसून तयार. नर्सबाईनं दिलेलं जुनं कार्ड तिनं पिशवीत घातलं होतं. थोरल्यानं खूप समजावलं, मीही सांगितलं, पण ती ऐकेना. शेवटी आबा उठले आणि त्यांनी तिचा हात धरला. ज्या उतारावर पोरं धावत जातात तो उतार ती दोघं दर दहा पावलांवर थांबत उतरली. मी मागं होते. दाराला कुलूपच होतं. मावशीनं शेळ्या हाकलल्या, बाक पदरानं पुसला आणि बसली. आबा शेजारी बसले.

ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तिथं बसून होती. एकदा एक मोटार थांबली, मावशी लगबगीनं सावरून बसली, पण त्या लोकांना धरणाकडं जायचं होतं. आबांनी त्यांना रस्ता सांगितला. मग मावशीनं पिशवी उचलली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

“आज सुट्टी आसंल,” ती आबांना म्हणाली. “उद्या येऊ.”

आबा म्हणाले, “व्हय.”