अंजनाचा जुना रिपोर्ट

२००६ साली, अडतिसाव्या वर्षीच, बेलवलीच्या अंजनाला शुगर, बीपी आणि गुडघेदुखी अशी तिन्ही दुखणी जडली होती. दवाखान्यात सोबत आलेला धाकटा भाऊ राजरत्न मात्र ठणठणीत होता.

"एकाच आईबापाची तुम्ही, मग असं कसं?" डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळी जुने रिपोर्ट आणा."

अंजनाकडे जुने रिपोर्ट नव्हतेच. दोन दिवस विचार करून तिनं वडिलांच्या ट्रंकेतून एक पिवळा कागद काढला आणि डॉक्टरांसमोर ठेवला. वडील धोंडिबा अंबरनाथच्या कारखान्यात पर्मनंट झाल्याचं ते १९७४ सालचं पत्र होतं.

"हे काय?"

"माझा रिपोर्ट. हे आलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. तोवर बाबांना कधी काम मिळायचं, कधी नाही. आम्ही काळ्या चहात भाकरी बुडवून खायचो. राजू पत्रानंतर जन्मला."

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. "लहानपणीच्या आबाळीनं असं होऊ शकतं," म्हणत त्यांनी ते फाइलीला लावलं.

दुसऱ्या दिवशी धोंडिबा पत्र परत मागायला दवाखान्यात आले. ते कशाला लागलं, हे डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. धोंडिबा पत्र तिथंच ठेवून उठले.

पुढच्या सकाळी ते दुधाची पिशवी घेऊन लेकीच्या दारात हजर.

"पी. सहा वर्षांचं राहिलंय."

"बाबा, मला दूध पचत नाही."

"सवय नाही ना," धोंडिबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या घेऊन आले.