फुफूची अजान

लोणावळ्यात देवाची बाजू घेऊन सगळ्यात जास्त भांडणं कुणी केली असतील, तर ती माझ्या फुफूनं. फुफू म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला, मूलबाळ झालं नाही, आणि मी पाच वर्षांची असताना माझी आई गेली म्हणून मला हिनंच वाढवलं. उभा जन्म खंडाळ्यातल्या एका बंगल्यात स्वयंपाक केला. पण ते पोटापाण्याचं झालं. तिचं खरं काम एकच, अल्लाला कुणी पुरुष समजलं की त्याच्या अंगावर धावून जायचं. "अल्ला बाप्या न्हाई आन् बाई बी न्हाई," हे तिनं रिक्षावाल्यांना ऐकवलं, गॅस सिलिंडर आणणाऱ्याला ऐकवलं, बंगल्यावर आलेल्या पाहुण्यांना जेवण वाढता वाढता ऐकवलं. एकदा दाढ काढताना डॉक्टर बिचारे धीर द्यायला म्हणाले की मावशी, वरच्या बापावर भरवसा ठेवा. तोंडात कापसाचा बोळा असताना ही ताडकन उठून बसली. काय बोलली ते कुणालाच कळलं नाही, पण डॉक्टरांनी माफी मागितली.

मशिदीशेजारच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा मौलाना बायकांसाठी प्रवचन करतात. बायका पडद्याच्या अलीकडे, मौलाना पलीकडे. एकदा ते म्हणाले, बाप जसं घर सांभाळतो तसा अल्ला आपल्याला सांभाळतो. झालं! फुफू उभी राहिली आणि घर बाप सांभाळतो हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिनं पडद्यालाच खडसावून विचारलं. मी तिचा पदर ओढतेय, शेजारच्या बायका तोंडावर ओढणी धरून हसतायत. मौलाना तरुण आणि समजूतदार. ते शांतपणे म्हणाले, खाला, तुमचं बरोबर आहे. अल्लासारखं दुसरं काहीच नाही, त्यामुळं तो पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. अरबीत दोनच लिंगं आहेत म्हणून बोलताना पुल्लिंग येतं, त्यावरून कुणी शरीराची कल्पना करू नये. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. ही घरी येईपर्यंत धुसफुसत होती. म्हणे, "लगेच कबूल झाला की त्यो. मी लय तयारी करून गेलते." त्यानंतर आठवडाभर, मराठीत तिसरं लिंग आहे ना, मग ते का वाया घालवायचं, म्हणून तिनं 'अल्ला देतं, अल्ला बघतं' असं बोलून पाहिलं. शेवटी शेजारच्या मांजराबद्दल बोलल्यासारखं वाटतंय म्हणून स्वतःच सोडून दिलं, आणि त्याचा राग माझ्यावर काढला.

तिला निरुत्तर केलं ते फक्त आमच्या भाजीवालीनं. ती कार्ल्याहून यायची, एकविरा आईची भक्त. आमच्यात देव आहे, देवी आहे, मग तुमच्यात कसं, असं तिनं वांगी निवडता निवडता सहज विचारलं. फुफूनं पदर खोचून सांगितलं की आमच्यात बाई-बाप्या असलं काही नाही, त्याला आईबाप नाहीत, बायको नाही, पोरं नाहीत. भाजीवाली हातातलं वांगं तसंच धरून विचार करत राहिली आणि म्हणाली, "मंग लय येकटं वाटत आसंल." फुफूनं वांगी परत टोपलीत टाकली आणि दार लावून घेतलं. आठ दिवस आम्ही डाळीवर काढले! अल्लाला कुणाची गरज नसते, एवढं साधं उत्तर तिला पाठ होतं. ते त्या दिवशी तिच्या तोंडातून निघालं नाही.

माझ्या बाळंतपणाचं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. पावसाळ्यातला शनिवार, म्हणजे सगळं पुणं-मुंबई धबधब्यात डुंबायला लोणावळ्यात. दुपारी दवाखान्यात मला मुलगी झाली. आमच्यात मूल जन्मलं की लवकरात लवकर त्याच्या कानात अजान द्यायची असते; जगात आल्यावर अल्लाचं नाव आधी कानावर पडावं म्हणून. ते काम घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचं. माझे वडील तेव्हा हयात नव्हते. नवरा आणि सासरे तळेगावहून निघालेले, आणि गाड्यांच्या रांगेत वलवणला अडकलेले. एक तास झाला, दोन झाले. फुफू खिडकीशी जायची, परत यायची, गाडीतून हात बाहेर काढून नाचणाऱ्या पोरांना शिव्या घालायची. शेवटी तिनं हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला, मुलीला छातीशी धरलं आणि तिच्या उजव्या कानात हळू आवाजात अजान दिली. एवढ्या भांडकुदळ बाईचा आवाज इतका मऊ होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. मी रडले.

सासरे संध्याकाळी पोचले. त्यांना सांगितल्यावर ते रागावले नाहीत, उलट हसले, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाले, ठीक आहे, बाईमाणसानं हौस केली, आता रीतसर देऊ. हौस! मी फुफूकडे पाहिलं. आता ही सुरू होणार, ज्याच्या नावानं हाक द्यायची तोच बाई-बाप्या नाही, मग हाक देणाऱ्याचं कशाला बघता, असं त्यांना सुनावणार, याची मी वाट पाहत होते. मला ते हवं होतं. तिनं मुकाट्यानं मुलगी त्यांच्या हातात दिली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. सासरी माझं वाकडं होईल म्हणून ती गप्प बसली. आणि मी? ओली बाळंतीण, समोर सासरे, म्हणून मीही तोंड शिवून पडून राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

मौलानांना ती उठल्यासुटल्या काहीबाही विचारायला जायची. त्या अजानचं विचारायला मात्र कधीच गेली नाही. मी चल म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणायची.

आता मुलगी चौथीत आहे आणि फुफू खाटेवरून उठत नाही. परवा मी तिचे केस विंचरत होते. कुणी काही विषय काढलेला नव्हता, तरी ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "त्या दिसाची माझी अजान धरली आसंल का गं?"

अल्ला बाप्या नाही हे सगळ्या गावाला ओरडून सांगणाऱ्या बाईला नऊ वर्षं ही धास्ती होती.

"तुझीच धरली, फुफू," मी म्हणाले. "सासऱ्यांच्या वेळी पोरगी झोपली होती."

झोपली कसली, टक्क जागी होती. पण फुफू "मंग झालं" म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं माझं बोलणं वाद न घालता मान्य केलं.